आकड्यांचा ताळा : डेटा गव्हर्नन्स आणि सिस्टीम टेस्टिंग, शाळेच्या भाषेत



आजच्या पाठाचं नाव वाचून तुम्हाला वाटेल, हे तर कंपन्यांतल्या कॉम्प्युटरवाल्यांचं काम, याचा आपल्याशी काय संबंध? मलाही आधी असंच वाटायचं. पण आपण शाळेत रोज जी माहिती भरतो, ती पुढे कुठे जाते, तिचे आलेख कसे होतात आणि त्या आलेखावरून कोण काय ठरवतं, हे कळलं की हा विषय अगदी आपल्या दारातला वाटायला लागतो. चला तर मग, एका छोट्या गोष्टीपासून सुरुवात करू.

सत्तावीस मुलं आणि सव्वीस संच

जून महिना. शाळेचा पहिला आठवडा. पाचवीच्या वर्गात मी पाठ्यपुस्तकांचे संच वाटत होतो. शेवटच्या बाकावरच्या मुलीपाशी आलो आणि हातातले संच संपले. पुन्हा मोजले. संच आले होते 26, आणि वर्गात मुलं 27.

ही मुलगी आदल्या वर्षी मध्येच आली होती. वीटभट्टीवर कामाला आलेलं कुटुंब इथेच स्थिरावलं. आम्ही तिला लगेच वर्गात बसवलं, हजेरीपत्रकात नाव घेतलं, जनरल रजिस्टरला नोंद केली. ऑनलाइन मात्र तिचं नाव जुन्याच शाळेत होतं. आम्ही मागणी टाकली होती, पण पलीकडून ती मान्य झालेली नव्हती. पुस्तकांची मागणी गेली ती ऑनलाइन पटावरून. म्हणजे 26.

खरी गंमत पुढे आहे. त्याच काळात आमच्या शाळेचा अहवाल स्क्रीनवर दिसत होता : "विद्यार्थी माहिती 100 टक्के पूर्ण." हिरवी खूण! आणि ते खोटंही नव्हतं. सिस्टीममध्ये आमच्या वर्गाची 26 मुलं होती आणि 26 जणांची माहिती पूर्ण होती. 26 पैकी 26, म्हणजे 100 टक्के. सत्ताविसावी मुलगी भागिलेल्या संख्येत नव्हती आणि भाजकातही नव्हती. हरवलेलं मूल हरवलेल्यांच्या यादीतसुद्धा नव्हतं.

आकडा बरोबर होता, पण चित्र चुकीचं होतं. असं का होतं आणि ते कसं थांबवायचं, हाच आजचा पाठ.

बिझनेस इंटेलिजन्स म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, विखुरलेली माहिती गोळा करायची, ती साफ करायची, एका जागी नीट रचायची आणि तिच्यातून निर्णय घेता येतील असे तक्ते व आलेख तयार करायचे. या सगळ्या व्यवस्थेला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. 1958 साली आयबीएम कंपनीतले संशोधक हान्स पीटर लून यांनी याच नावाने एक लेख लिहिला होता. योग्य माहिती योग्य माणसापर्यंत आपोआप कशी पोहोचेल, हा त्यांचा विचार होता.

दुकानदार "कोणता माल संपत आला" हे बघतो, बँक "कोणतं कर्ज थकलं" हे बघते, रुग्णालय "किती खाटा रिकाम्या" हे बघतं. शिक्षण विभाग "किती मुलं, किती शिक्षक, किती वर्गखोल्या" हे बघतो. नावात बिझनेस असलं तरी काम सगळीकडे सारखंच.

या व्यवस्थेचे चार टप्पे लक्षात ठेवा :

1. उगम. जिथे माहिती पहिल्यांदा लिहिली जाते. आपल्याकडे जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, प्रवेश अर्ज.
2. वाहतूक आणि साफसफाई. माहिती उचलायची, एकसारखी करायची, पुढे पाठवायची.
3. कोठार. सगळीकडची माहिती एकत्र साठवायची. इंग्रजीत याला डेटा वेअरहाउस म्हणतात.
4. फलक. शेवटी स्क्रीनवर दिसणारा डॅशबोर्ड. टक्केवारी, आलेख, हिरव्या-लाल खुणा.

विहिरीचं पाणी नळाला येतं तसंच हे. नळ चकचकीत असला म्हणून पाणी स्वच्छ असेलच असं नाही. आपण सगळे फक्त नळ बघतो. वरच्या वर्गाचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा माणूसही नळच बघतो.

भाग पहिला : डेटा गव्हर्नन्स

गव्हर्नन्स म्हणजे कारभार. माहितीचा कारभार नीट चालायचा तर पाच प्रश्नांची उत्तरं आधी ठरलेली हवीत.

1. या शब्दाचा अर्थ काय?

"पट" म्हणजे नेमकं काय? जनरल रजिस्टरला नोंद आहे ती मुलं? हजेरीपत्रकावरची मुलं? की ऑनलाइन दिसणारी मुलं? आमच्या शाळेत त्या दिवशी या तिन्हींची उत्तरं 27, 27 आणि 26 अशी होती. दोन जणांनी "पट" हा शब्द दोन अर्थांनी वापरला तर दोघंही खरं बोलतात आणि हिशेब तरी चुकतो. म्हणून चांगल्या प्रकल्पात सगळ्यात आधी शब्दार्थांची वही करतात. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि लिहिण्याची पद्धत त्यात असते.

अर्थ न ठरवल्याची किंमत किती मोठी असू शकते? 1999 साली अमेरिकेच्या नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं. एका बाजूच्या सॉफ्टवेअरने बलाचा आकडा पौंडांच्या पद्धतीत दिला आणि दुसऱ्या बाजूने तो न्यूटनच्या पद्धतीतला समजून वापरला. आकडे येत होते, जात होते. फक्त त्यांचा अर्थ दोन्हीकडे वेगळा होता. मुलांनी उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की आपण अर्धा गुण कापतो ना? तो उगाच कापत नाही, हे मुलांना सांगायला ही गोष्ट चांगली आहे.

2. या माहितीचा मालक कोण?

मालक म्हणजे जबाबदार माणूस. जन्मतारीख चुकली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला? वर्गशिक्षकाला, मुख्याध्यापकाला की तालुक्याला? आमच्या बाबतीत मुलगी एका शाळेत, नोंद दुसऱ्या शाळेत आणि मधली मागणी कोणाच्याच ताब्यात नाही, अशी अवस्था होती. "सगळ्यांची जबाबदारी" म्हणजे शेवटी कोणाचीच नाही, हे आपण स्नेहसंमेलनाच्या सतरंज्या उचलताना दरवर्षी बघतोच!

3. हा आकडा आला कुठून?

डॅशबोर्डवरच्या कोणत्याही आकड्यावर बोट ठेवलं की मागे मागे जात मूळ रजिस्टरच्या पानापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. आपण दाखल्यावर रजिस्टर क्रमांक लिहितो तो याचसाठी. ज्या आकड्याचा माग काढता येत नाही, त्यावर निर्णय घेऊ नये.

4. कोणी काय बघावं?

मुलाची जात, आजार, घरचं उत्पन्न, आधार क्रमांक हे सगळं सगळ्यांनी बघायची गरज नाही. माहितीची यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणं ही सोय वाटते, पण ती चूक आहे. आपल्या देशात 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्या कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि बालकांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मुख्य नियम ठेवला आहे.

5. ही माहिती किती दिवस ठेवायची आणि किती ताजी हवी?

जनरल रजिस्टर जपूनच ठेवायचं. पण सहलीसाठी घेतलेल्या आधारकार्डाच्या झेरॉक्स कपाटात पाच वर्षं कशाला? आणि दुसरीकडे, नोव्हेंबरात आलेली मुलगी जूनपर्यंत सिस्टीममध्ये आली नाही, तर ती माहिती शिळीच म्हणायची.

भाग दुसरा : टेस्टिंग म्हणजेच ताळा

आपल्या आजी-आजोबांच्या काळापासून शाळेत एक शिस्त आहे : गणित सुटलं की ताळा करून बघ. भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, उत्तर भाज्याइतकं आलं पाहिजे. सिस्टीम टेस्टिंग म्हणजे हाच ताळा, फक्त मोठ्या यंत्रणेचा.

मघाशी ज्या लून यांचं नाव घेतलं, त्यांचीच आणखी एक देणगी आहे. बँकेच्या कार्डावरच्या क्रमांकातला शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून ठरावीक रीतीने काढलेला असतो. टाइप करताना एखादा अंक चुकला तर ताळा जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. ही रीत लून यांची. आधार क्रमांकाचा बारावा अंकही असाच ताळ्याचा अंक आहे, फक्त त्याची रीत वेगळी.

आता ताळ्याचे मुख्य प्रकार बघू.

*पहिला : मोजणीचा ताळा.* एका टप्प्यातून जेवढं निघालं तेवढंच पुढच्या टप्प्यात पोहोचलं का? सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी चाचणी हीच. ती विसरल्यावर काय होतं ते इंग्लंडने 2020 मध्ये अनुभवलं. कोरोनाच्या तपासणीचे निकाल प्रयोगशाळांकडून फाइलमधून यायचे आणि ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरले जायचे. त्या जुन्या फाइलमध्ये 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एका रुग्णाला अनेक ओळी लागत. फाइल भरली आणि उरलेले रुग्ण तसेच बाहेर राहिले. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 बाधित रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्या पथकापर्यंत ही नावं उशिरा पोहोचली. म्हणजे ज्यांना "घरी थांबा" असा फोन जायला हवा होता, ते दरम्यान बाहेर फिरत होते.

बघा, तिथेही फलकावर आकडा दिसतच होता. फक्त तो अपुरा होता. "आज किती आले आणि त्यातले किती भरले" एवढे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर चूक पहिल्याच दिवशी दिसली असती. आमचे 26 आणि 27 शेजारी ठेवले असते तर? तेच.

*दुसरा : उत्तर आधी माहीत असलेलं गणित.* सिस्टीमला अशी माहिती द्यायची जिचं उत्तर आपण हाताने काढून ठेवलंय. उदाहरण घ्या. एका वर्गात 10 मुलं, सगळी हजर, म्हणजे 100 टक्के. दुसऱ्या वर्गात 40 मुलं, 20 हजर, म्हणजे 50 टक्के. शाळेची हजेरी किती? घाईत माणूस म्हणतो, 100 आणि 50 ची सरासरी 75 टक्के. पण खरं उत्तर 50 पैकी 30, म्हणजे 60 टक्के. कित्येक तक्त्यांमध्ये टक्केवाऱ्यांचीच सरासरी काढलेली असते आणि तो 75 टक्क्यांचा फुगवटा कोणाच्या लक्षात येत नाही.

*तिसरा : काठावरची चाचणी.* चूक बहुतेक वेळा काठावर लपते. पहिलीच्या प्रवेशाचं वय मोजताना आपल्याकडे 31 डिसेंबर हा दिवस धरतात. मग 31 डिसेंबरला जन्मलेलं मूल आणि 1 जानेवारीला जन्मलेलं मूल, दोघांची नावं घालून बघा. 29 फेब्रुवारीचा वाढदिवस घालून बघा. शून्य पट असलेला वर्ग घालून बघा, टक्केवारी काढताना शून्याने भागायची वेळ येते का तेही कळेल.

*चौथा : अर्थाची चाचणी.* तारीख 25/07 अशी असेल आणि यंत्राने महिना-दिवस उलटा वाचला, तर पंचविसावा महिना नसल्याने ते लगेच ओरडतं. पण 05/11 असेल तर? 5 नोव्हेंबरचं 11 मे होतं आणि यंत्र गप्प बसतं, कारण दोन्ही तारखा खऱ्या आहेत. म्हणजे महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांत जन्मलेल्या मुलांच्या तारखा जास्त जपून तपासायच्या. नावांचंही तसंच. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कुणी डी ने सुरू करतं, कुणी जे ने, तर कुणी जी ने. माणसाला तिन्ही एकच वाटतात, यंत्राला ती तीन वेगळी मुलं वाटतात. आमच्या मुलीची मागणी अडकली त्यातही आडनावाच्या स्पेलिंगचा वाटा होता.

*पाचवा : जुनं बिघडलं का?* नवी सोय बसवली की आधी नीट चालणारं काहीतरी मोडतं. म्हणून प्रत्येक बदलानंतर जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या. नवं प्रकरण शिकवलं की आधीच्या पाढ्यांची उजळणी घेतो ना, तसंच.

*सहावा : वापरणाऱ्याची चाचणी.* शेवटी ज्याला हे रोज वापरायचं त्याच्या हातात देऊन बघायचं. शहरातल्या वेगवान नेटवर चालणारं पान आमच्या शाळेत एका रेघेच्या सिग्नलवर उघडतं का? शेवटच्या तारखेला सगळ्या शाळा एकदम भरायला बसल्यावर ते टिकतं का? माहिती वेळेत भरून झाली नाही तर शिक्षक रात्री बारा वाजता अंदाजे आकडा टाकून मोकळा होतो, आणि मग वरच्या सगळ्या टप्प्यांची मेहनत पाण्यात जाते. कबूल करायला हरकत नाही, असं कधीतरी आपल्यातल्या अनेकांकडून झालंय.

मग कोण महत्त्वाचं, कारभार की ताळा?

दोन्ही. कारभार सांगतो की बरोबर म्हणजे काय, आणि ताळा सांगतो की ते बरोबर झालं का. "पट" चा अर्थच ठरला नसेल तर 26 बरोबर की 27, हे चाचणी कशी सांगणार? आणि अर्थ ठरला पण कोणी मोजलंच नाही, तर तो अर्थ वहीतच राहणार.

राज्यात 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत सगळ्या शाळांची पटपडताळणी झाली होती, ती जुन्या शिक्षकांना आठवत असेल. कागदावरची मुलं आणि प्रत्यक्ष बाकावरची मुलं यांचा तो ताळाच होता. तेव्हा शोध होता कागदावर असून बाकावर नसलेल्या मुलांचा. आमची मुलगी त्याच्या उलट, बाकावर असून कागदावर नसलेली. चांगल्या ताळ्याने दोन्ही बाजूंनी बघितलं पाहिजे.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

सहावी ते आठवीच्या मुलांना एक तास द्या.

1. मुलांचे तीन गट करा. पहिला गट वर्गातली मुलं प्रत्यक्ष मोजेल, दुसरा हजेरीपत्रकातली नावं मोजेल, तिसरा त्या दिवशी मध्यान्ह भोजनाला लिहिलेला आकडा आणेल.
2. तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा.
3. फरक असेल तर का, याची कारणं मुलांनाच शोधू द्या. कोण गैरहजर, कोण उशिरा आलं, कोण डबा घेऊन आलं.
4. आता विचारा : यातला "खरा" आकडा कोणता? मुलं भांडतील. भांडू द्या. "कशासाठी हवा आहे त्यावर ठरेल" हे उत्तर एखादं मूल देईलच. त्या क्षणी पाठ पूर्ण झाला समजा.

पालकांनो, तुमच्यासाठी तीन कामं

- मुलाचं नाव जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीत अक्षर न् अक्षर सारखं आहे का, वर्षातून एकदा शाळेत येऊन बघा.
- शाळा बदलताना दाखला हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नका. नव्या शाळेत ऑनलाइन नाव दिसतंय का, हे विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.
- कोणी मुलाची माहिती मागितली तर "कशासाठी?" एवढं जरूर विचारा. आम्ही शिक्षकांनी मागितली तरीही विचारा. आम्हाला राग येणार नाही, येऊ नये.

शेवटी

त्या मुलीचं काय झालं, हे सांगायचं राहिलंच. आधी सहावीत गेलेल्या एका मुलाचे जुने संच मागून तिला दिले. मग जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर मिळवून फोन केला. ते भले गृहस्थ. म्हणाले, "सर, मला मागणी दिसलीच नव्हती, आमच्याकडे नाव वेगळ्या स्पेलिंगने आहे." दोघांनी फोनवर अक्षरं जुळवली आणि चार दिवसांनी ऑनलाइन पट 27 झाला. सगळं काम एका फोनचं होतं. पण तो फोन करायला पाहिजे हे कळायला आम्हाला जून उजाडावा लागला, कारण स्क्रीनवर हिरवी खूण होती.

तेव्हापासून मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक काम करतो. हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर आणि ऑनलाइन पट, तिन्ही शेजारी ठेवतो आणि मोजतो. दहा मिनिटं लागतात. तुम्हीही करून बघा. आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले, तर त्या फरकाच्या जागी एखादं मूल बसलेलं असेल.

स्वाध्याय

1. तुमच्या शाळेत "गैरहजर" या शब्दाची व्याख्या एका वाक्यात लिहा. सहकाऱ्यालाही लिहायला सांगा. दोन्ही जुळतात का?
2. 20, 30 आणि 50 पटाच्या तीन वर्गांची हजेरी अनुक्रमे 90, 80 आणि 60 टक्के आहे. शाळेची खरी हजेरी किती टक्के? (ताळा : 72 टक्के. 76.67 आलं असेल तर वरचा दुसरा प्रकार पुन्हा वाचा.)
3. तुमच्या अहवालातला कोणताही एक आकडा निवडा आणि मूळ नोंदीपर्यंत त्याचा माग काढा. वाटेत कुठे अडलात ते लिहून ठेवा. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची आहे.